भाऊजींनी पॉलिश सोडलं

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, लाकडाला पॉलिश करायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, त्यात कापडाचा बोळा बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. त्यांचा हात फिरलेल्या कपाटात बघून खुशाल भांग पाडावा. एवढा गुणी माणूस, पण दारूपायी पार वाया गेला होता.

व्यसनमुक्ती केंद्रातून ते परत आले, तेव्हा ताईने घर पिंजून काढलं. माळ्यावरच्या रिकाम्या बाटल्या फेकल्या, खोकल्याचं औषधसुद्धा माझ्याकडे आणून ठेवलं. पिणाऱ्या दोस्तांची अशी खरडपट्टी काढली की ते पुन्हा गल्लीत फिरकले नाहीत. आणि मग, कामात मन रमेल म्हणून, डबा भरून भाऊजींना हौसेने त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात धाडलं. दिवसभर स्पिरिटच्या वासात! आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. भाऊजींच्या आलं होतं, पण ते बोलले नाहीत. थोड्याच दिवसांत ते झिंगून घरी आले.

"संपलं सगळं," ताई म्हणाली.

केंद्रातल्या समुपदेशक बाईंना ते पटेना. "संपलं कसं? पाय कुठे घसरला ते आधी बघू." त्यांनी भाऊजींना तो दिवस सकाळपासून सांगायला लावला. डबा तसाच राहिला होता. सोबतचा सुतार रजेवर. खिडकी बंद आणि हातात ओला बोळा. तलफ दुपारीच आली होती, प्यायले संध्याकाळी.

"मधल्या वेळात कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? लाज वाटली."

"प्यायल्यावर सगळेच सांगतात. तुम्ही प्यायच्या आधी सांगायचं."

पॉलिश सोडायचं ठरलं. मालक हळहळले. "अहो, असा हात मी कुठून आणू? तोंडाला फडकं बांधा की."

"हात तुम्हाला हवाय मालक, पण त्याच्याबरोबर माझं नाकही येतं. दुसरं काहीही काम द्या."

मालकांनी त्यांना अंगणात खुर्च्यांना वेत विणायला बसवलं. पहिल्या खुर्चीवर मालक टेकले आणि कमरेपर्यंत आत गेले. सगळे पोट धरून हसले. कालचा उस्ताद आज शिकाऊ झाला, हे मला फार लागलं. भाऊजींनी मात्र वेत उसवला आणि पुन्हा विणायला घेतला. जेवण वेळेवर, केंद्रातली बैठक चुकवायची नाही, आणि एकट्याने बसून राहायचं नाही, हे त्यांनी हट्टाने धरलं.

पुढे एका दुपारी ते माझ्या दारात उभे. चेहरा घामेजलेला.

"तुझी ताई फोन उचलत नाहीये. प्यावंसं वाटतंय गं. फार. इथे बसू का?"

माझं तोंड एरवी क्षणभर बंद नसतं. त्या दिवशी मी गुपचूप ताट वाढलं. ताट त्यांनी संपवलं. मग मी भाजी निवडायला घेतली आणि त्यांच्यापुढेही एक जुडी टाकली. निम्मी जुडी निवडून झाली आणि ताईचा फोन आला.

"अगं, आज मला प्यावंसं वाटलं," ते म्हणाले. "नाही, प्यायलो नाही. आधी सांगतोय."

पलीकडून ताईचा आवाज मलाही ऐकू आला, "हलू नका तिथून. मी निघाले."

"नाही हलत," भाऊजी म्हणाले, आणि खरंच हलले नाहीत.