पाहून घ्या, मंग बोलू

कोणाच्याही घरी गेला की बसण्याआधी तो दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारायचा आणि हात उलटेसुलटे करून दाखवायचा. "पाहून घ्या, मंग बोलू." हे झाल्याशिवाय तो चहाच्या कपाला हात लावायचा नाही. नवा माणूस गोंधळून जायचा. एकदा आमच्या जावयाला वाटलं, हा गोंदण दाखवून राह्यला. त्या बिचाऱ्यानं आपल्याही बाह्या वर केल्या. ते पाहून आमचा हा शेजारी इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुमाले दाखवाचं काम नाई, जावईबापू. तुमी कबड्डी नाई खेळले."

त्याचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातल्या जुन्या माणसाला 'पिंजाऱ्याचा पोरगा' म्हटलं की पुरे.

त्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. त्याचे वडील गाद्या-रजया भरायचे. खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून धानोऱ्यापर्यंत पायी फिरायचे. हिवाळ्यात त्यांच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटायची. उन्हाळ्या-पावसाळ्यात रजई कोण भरतो? मग पाऊस लागला की त्याची अम्मी आमच्या आईसोबत धानाच्या रोवणीला जायची. येताना दोघींचेही पाय चिखलानं सारखेच पांढरे पडलेले असायचे. वडिलांची छाती कापसाच्या धुरळ्यानं भरली आणि तो शाळेत असतानाच ते गेले. तो ते हसत सांगायचा, पण सांगताना दुसरीकडे बघायचा. "अब्बा पिंजाले बसला का घरात श्वास घ्याची सोय नोती. दम धराचं मी तिथीच शिकलो."

आणि खरंच, काय दम होता! धान निघालं की आमच्याकडे गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. बैलबंड्या जोडून बाया-माणसं यायची, झाडांवर पोरं लटकलेली असायची. तुमच्यापैकी कोणी त्याची चढाई पाहिली असेल तर मला सांगायची गरज नाही. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकून माणूस जसा सावकाश परततो, तसा तो समोरच्या दोघांना मारून परत यायचा. पकडणारे एकमेकांच्या अंगावर पडलेले असायचे.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो तेव्हा बाबांनी गावभर गूळ-फुटाणे वाटले. गावच्याच शाळेत मास्तर झालो. पण बाहेरगावी गेलो की लोक विचारायचे, "मास्तर, तुमी त्याच्या शेजारी राह्यता म्हनते, खरं काय?" मीही छाती फुगवून सांगायचो, "भिंतीला भिंत हाय."

एटापल्लीकडच्या एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. दुसऱ्या दिवशी फायनल होती. कबड्डी मंडळाचे अध्यक्ष त्याच्या उशाशी बसले. "भाऊ, लोक लांबून लांबून आले. एक सुई मारून घे नं." एका खाजगी दवाखान्याचा कंपाउंडर हजर होता, त्यानं दुखणं थांबवणारी सुई टोचली. अर्ध्या तासात हा उठला आणि फायनल जिंकून दिली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. नंतर कंपाउंडरलाही खांद्यावर घेतलं! एका हातात नारळ, एका हातात सुईची डबी, असा तो कंपाउंडर मिरवत होता. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

मग प्रत्येक सामन्याआधी सुई. मग सामना नसला तरी सुई. गुडघा बरा झाला तरी ती सुटली नाही. पुढच्या हंगामात तो चढाईला गेला आणि मध्येच थांबला, घरात कशाला आलो होतो हे विसरलेल्या माणसासारखा. दम तुटला. लोक आधी हळहळले, मग त्यांनी चपला फेकल्या.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी नुकतीच झाली होती. त्यामुळे माणूस बिघडला की कारण एकच, मोहाची दारू लागली असन. गावच्या महिला मंडळाच्या यमुनाबाई म्हणजे मोठं प्रस्थ. कोणाच्या घरी दारूसाठी मोहाचा सडवा भिजत घातला आहे, ते त्या रस्त्यावरून नाकानं सांगायच्या. एका सकाळी त्या दहा-बारा बाया घेऊन त्याच्या दारात आल्या. मी भिंतीपलीकडे दात घासत होतो, तसाच गेलो.

तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला. अम्मी दारात उभी. "देख लो बाई, मेरे घर में दारू नहीं."

बायांनी माठ हुंगले, रजयांच्या गठ्ठ्यात हात घातले, चुलीमागची राख उकरली. काही नाही. शेवटी फळीवरचा पत्र्याचा डबा निघाला. आत काचेच्या इवल्या इवल्या बाटल्या, काही भरलेल्या, काही फोडलेल्या, आणि सुया. एका बाईनं डबा यमुनाबाईंपुढे धरला. त्यांनी एक बाटली उचलून हुंगली.

"वास नाई. अवं, दवाई हाय थे! गुडघा दुखते नं बापूचा. ठेव, ठेव. फुटन."

त्यांनी स्वतः तो डबा पदरानं पुसला आणि फळीवर जपून ठेवला, लेकराचा हात लागणार नाही असा, अगदी मागे. मग अम्मीच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं आमचं, बाई. उगाच लोकायच्या बोलन्यावर आलो." बाया निघाल्या.

त्या उंबरठ्याबाहेर पडल्या तेव्हा खाटेवरून आवाज आला.

"बाई, तो डबा घेऊन जा."

"काऊन रे? औषध हाय तुहं."

"थेच माही दारू हाय."

तो उठून बसला आणि त्यानं बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर काळे-निळे डाग, गाठी. यमुनाबाईंनी आयुष्यात दारूची शेकडो मडकी फोडली असतील. त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "याले तं वासच नाई," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "बापू, वास नाई याले. मंग आमी कसं ओळखाचं?"

नंतर तो मला म्हणाला, "मास्तर, शिव्या देल्या असत्या तं मी गप पडून राह्यलो असतो. पन बाईनं पदरानं डबा पुसला नं, मले थे पाह्यवलं नाई."

यमुनाबाई तो डबा घेऊन आधी कंपाउंडरकडे गेल्या. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, पण कंपाउंडरचं दवाखान्यात येणं-जाणं त्याच आठवड्यात बंद झालं. मग अम्मी आणि त्या, दोघी त्याला एसटीनं चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. वाईट दिवस काढले त्यानं. मधे एकदा पळून आला. अम्मीनं दार उघडलं नाही. दाराच्या आत बसून ती रडली, बाहेर बसून तो रडला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

बरा होऊन आला तेव्हा वाटलं, गाव हार घालेल. आमच्याकडे दारू सोडलेल्या माणसाची थट्टा करतात, पण त्याला पंगतीत जागा देतात. सुईचं मात्र वेगळं झालं. सुई लोकांना कळत नव्हती. जुने चाहते रस्ता बदलायचे. कोणी म्हणे, "याच्या हातचं पानी पेलं का आपल्यालेही सुई लागते." अध्यक्ष मात्र भेटायला आले. "एक मॅच खेळ नं भाऊ. जिंकला का लोक सारं इसरतेत."

"मी नाई इसरत, भाऊ," तो म्हणाला. "खेळाचं नाई मले. शिकवाचं हाय."

त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. मैदानाशिवाय राहिलो तर पुन्हा डबा हुडकीन, असं त्यानं मला सरळ सांगितलं. मी शाळेत विषय काढला. पालकांची सभा झाली. "आमची पोरं त्या सुईवाल्याच्या हाती देता काय?" असा एकच गलका उठला. मी बोलायला उभा राहिलो, पण माझ्याआधी यमुनाबाई मागून बोलल्या.

"त्याले खांद्यावर घेतलं तवा खांदे कोनाचे होते? कंपाउंडरले कोनी नाचवलं? आमी तं त्याचं जहर पुसून पुसून ठेवलं. आता तोंड फिरवता?"

पोरं कोणी दिली नाहीत. यमुनाबाईंनी दुसऱ्या दिवशी आपली नात आणून मैदानात उभी केली. सातवीतली, बारीक, दोन वेण्यांची. मग मंडळातल्या बायांच्या लेकी आल्या. पण आया काही कच्च्या नव्हत्या. त्या बांधावर बसायच्या आणि सराव सुरू होण्याआधी यमुनाबाई म्हणायच्या, "बापू, हात दाखव." तो दाखवायचा. पुढे पुढे कोणी मागेना, तरी दाखवायचा. सवय लागली, आणि मला वाटतं, अभिमानही वाटू लागला. पुरुष हसायचे, "कबड्डीचा वाघ पोरी राखून राह्यला." तो म्हणायचा, "पोरीयचा दम तुमच्यापेक्षा लंबा हाय. रोवनीची गानी म्हनते त्या, वाकून वाकून. तुमी म्हनून पाहा."

पोरींना तो दुखणं लपवू द्यायचा नाही. कोणी लंगडताना दिसली की शिटी वाजवून बाहेर. "दुखते म्हनजे पाय बोलून राह्यला. त्याले बोलू दे." एकदा जिंकत आलेला सामना त्यानं यामुळे सोडला. लोक खवळले. तो बांधावर त्या पोरीच्या घोट्याला हळदीचा लेप लावत बसला होता, एकदम खुशीत.

वर्षं गेली. अम्मी गेल्यावर तो बल्लारपूरला बहिणीकडे राहायला गेला आणि तिथेच दोन वर्षांपूर्वी झोपेत वारला. बहिणीनं सांगितलं, शेवटपर्यंत डोकं दुखलं तरी गोळी घेत नव्हता. कुडाच्या भिंतीच्या जागी आता विटांची भिंत आहे आणि पलीकडे दुसरं बिऱ्हाड राहतं.

त्याच्या हाताखालच्या मुली विभागीय सामन्यांपर्यंत खेळल्या. यमुनाबाईंची नात त्यांच्या घरातली पहिली पदवीधर झाली, आणि आज आमच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिच्या संघात मुलंही आहेत. ती मुलं त्यांच्या आईवडिलांनी स्वतः आणून दिली.