दोन प्लेटांचा क्लच आणि सोसायटीचं दूध

आधी चहा संपवा. विषय दुधाचा आहे, आणि ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल याची हमी मी देत नाही. असला येडेपणा अख्ख्या वाशी तालुक्यात दुसऱ्या कुणी केला असेल तर त्याला माझ्यापुढं आणा, मी त्याच्या पाया पडतो!

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ह्या पोळ्याच्या आधी काविळीनं गेला. अजून तोंडात 'दादा गाडी घेऊन गेलाय' असंच येतं. लिलावात घेतलेली जुनी जीप त्याची. रोज सकाळी दूध सोसायटीचे कॅन भरायचे आणि येरमाळ्याच्या पुढं दूध थंड करायच्या केंद्रावर पोचवायचे, हे त्याचं काम. मी शेजारी बसायचो. तो गेल्यावर चेअरमन मला म्हणाले, "चालव तू. बघू."

त्या 'बघू'वर आमचं घर चाललंय. आई, वहिनी आणि मी. शेतात तर ह्या दुष्काळात कुसळसुद्धा नाही.

मी स्टेअरिंगवर सरकलो आणि शेजारची जागा मोकळी झाली. तिथं कुणीच बसेना. गावातली माणसं एसटीची वाट बघत उन्हात उभी राहायची, पण माझ्या गाडीत यायची नाहीत. त्यांचं तरी काय चुकलं? दादा होता तेव्हा गाडीत गप्पा असायच्या. आता नुसता पत्र्याचा आवाज.

तशात घाट चढताना क्लच घसरायला लागला. इंजन बोंबलतंय, गाडी जागेवर, आणि जळका वास! आमच्या घरातलं एक माणूस हातातून निसटलं होतं. आता काही म्हणजे काही निसटू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात बसलं.

गेलो कळंबला, इस्माईल मिस्त्रीकडं. त्यांनी खाली वाकून बघितलं.

"प्लेट झिजली बेटा. साधी नवीन टाकू, झालं काम."

"साधी नको चाचा. सगळ्यात भारी कोणती?"

कोपऱ्यात लष्कराच्या भंगारातून आलेलं एक धूड पडलं होतं. मोठ्या गाडीचा, दोन प्लेटांचा क्लच. स्प्रिंगा अशा जाड, की बैलाच्या गळ्यात बांधाव्यात!

"हे टाका," मी म्हणालो.

"अरे, तुझी जीप दूध वाहती. तोफ न्हाय ओढत!"

"घसरंल का?"

"ह्यो? ह्यो मरंपर्यंत न्हाय घसरायचा. पण..."

पण पुढचं ऐकतो कोण? चौथीतून पळून आलो, तेव्हाही मास्तरांचं 'पण' ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनी लेथवर नेऊन, कापून-घासून, शिव्या देत देत तो बसवला.

आता गंमत ऐका. तो पेडल दाबायचा म्हणजे विहिरीतून मोट ओढल्यासारखं होतं. दोन्ही हातांनी सीट धरायची, दात खायचे, तेव्हा कुठं पेडल खाली! माझा डावा पाय गाडीतून उतरल्यावरही थरथरत राहायचा. येरमाळ्याला देवीच्या पायथ्याशी चहा प्यायला उभा राहिलो, तर एका म्हातारीनं माझा थरथरता पाय बघितला, अंगात आलंय समजून कपाळ टेकवलं आणि विचारलं, "आई, औंदा पाऊस हाय का?"

मी काय सांगणार? "क्लच सुटला तर हाय," म्हणालो.

आणि पाय सोडला, की गाडी हळू निघायची नाही. त्या क्लचला अधलंमधलं माहीतच नव्हतं. धरायचा तर एकदम गच्च! जीप खोंडासारखी उधळायची. मागं कॅन एकमेकांवर आपटायचे, दणदण, दणदण. त्यात रस्ता दुष्काळी कामावर निम्मा झालेला, नुसती खडी. पण घाट? घाट असा चढायची की काय सांगू! दादा असता तर... जाऊ द्या.

थोड्याच दिवसांत केंद्रावरच्या तपासणीत आमच्या दुधाला फॅट लागेना. सकाळी गावातून निघताना दूध दाट, तिकडं पोचलं की पाणचट. मध्ये कोण? मी एकटा!

दूध घालायला आलेल्या बाया तोंडावर पदर घेऊन बोलायला लागल्या.

"काय रं भागवत, वाटंत साय बरी लागती व्हय?"

"भाऊ गेला अन् ह्यो तुपावर आला!"

हे मात्र लागलं मला. घरी येऊन गाडीतच बसून राहिलो.

मग मी डोकं चालवलं. तेवढं करायला नको होतं! वाटलं, उशीर होतोय, उन्हानं दूध बिघडतंय, म्हणून फॅट उतरती. गाडी अजून जोरात हाणली. फॅट अजून उतरली! अजून जोरात हाणली. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "आता पाणीच आणा की थेट. दुधाचं नाव कशाला?"

सोसायटीची बैठक बसली. चेअरमन म्हणाले, "त्याच्या भावाकडं बघून गप होतो. आता गाडी दुसरी लावावी लागंल." शेवटी ठरलं, आधी एक माणूस सोबत पाठवायचा, नजर ठेवायला. माणूस कोण? सखूआत्या! एका म्हशीची मालकीण, जीभ विळ्यासारखी.

सकाळी आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. पदर खोचला.

"माझं डोळं तुझ्यावर हायेत. चल."

मी पेडल सोडला. आत्याचं डोकं टपाला!

"मेले गं माय! अरं, गाडी हाय का रेडा?"

"क्लच हाय आत्या. दोन प्लेटांचा."

"आग लाव त्याला!"

केंद्रापर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. मला शिव्या, रस्त्याला शिव्या, खडीच्या कामावरच्या मुकादमाला शिव्या. मध्येच म्हणाली, "तुझा दादा चालवायचा तर मला डुलकी लागायची बघ." किती दिवसांनी शेजारून कुणी बोलत होतं.

केंद्रावर आत्या खाली उतरली आणि कॅन कुणाला हात लावू देईना. स्वतः झाकण काढलं. झाकणाच्या आत बोट फिरवलं. कॅनच्या गळ्याशी हात घातला. हातात पिवळा गोळा!

एरवी तिथलीच माणसं घाईत दूध ओतून कॅन वाफेनं धुऊन द्यायची, आत चिकटलेलं वितळून जायचं. मी कधी आत डोकावलोच नव्हतो.

आत्यानं तो गोळा सगळ्यांना दाखवला.

"लोणी हाय हे! जनावरं आटली, कॅन निम्मे रिकामे, अन् ह्यो घोड्यासारखा उड्या मारीत येतोय! अरं भागवत, तू दूध पोचवतोस का ताक घुसळतोस?"

सगळं केंद्र हसलं. फॅट तपासणारा तर खाली बसून हसला. सबंध सोसायटीचं लोणी काढून मी इमानदारीनं रोज ताक पोचवत होतो. ते पण जितकं बिघडतंय तितकं जोरात!

संध्याकाळी चेअरमननी पाठीवर हात ठेवला. "चोर न्हाईस, येडा हाईस. साधी प्लेट टाकून घे. उद्यापास्नं एकटा जा, आमचा भरवसा हाय."

माझं काम वाचलं होतं. घरी आई वाट बघत होती. आनंदानं उडी मारायची का नाही? पण मी तिथंच उभा.

"आता काय?"

"चेअरमन, असा एकदम भरवसा धरू नका माझा."

"का रं?"

"माणसाचं काय सांगावं! खाईनबी मी साय एखाद्या वक्ताला. आत्याला अजून थोडं दिवस बसू द्या शेजारी."

तिथंच भिंतीला टेकून बसलेली सखूआत्या उठली, तंबाखू थुंकली आणि म्हणाली,

"येते. पण आधी त्या दोन प्लेटा काढ, चोरा!"