सुंद्री लॉरीत चढली, आणि शाबासकी कारभाऱ्याला?

परवा आमच्या मार्गासनी गावात आमची सुंद्री लॉरीत चढली. खरं तर आनंदाचीच गोष्ट... पण माझा राग अजून उतरलेला नाही.

सुंद्री ही आमची दोन वर्षांची घोडी. तिची आई दगावली तेव्हा मीच तिला गाईच्या दुधावर वाढवली. भोरच्या एका डॉक्टरांना खेड्यापाड्यांत फिरायला घोडी हवी होती, आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शब्द देऊन टाकला.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांचा कारभारी तिला न्यायला आला. चालवत न्यायचं म्हणजे पायपीट, ती त्याला नको होती. लढाईमुळं पेट्रोलची टंचाई, खास गाडी मिळणं कठीण... वेल्ह्याला मीठ उतरवून एक लॉरी रिकामी भोरला परतत होती, तीच त्यानं आमच्या दारात थांबवली.

सुंद्रीनं जन्मात लॉरी पाहिली नव्हती. यानं फळी लावली, तिच्या डोळ्यांवर पोतं बांधलं, दोन गड्यांना दोर ओढायला लावला आणि स्वतः मागून चाबूक! फळी सरकली, सुंद्रीचा मागचा पाय फटीत गेला आणि कातडं सोलून निघालं.

"अवो, थांबा! पाय मोडंल तिचा!" मी ओरडले.

तर म्हणतो कसा, "बाईमाणसानं मधी बोलू नये. जनावराला धाक पायजे."

मामंजींसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता... त्या दिवशी चढवला. गड्यांच्या हातातून दोर घेतला आणि घोडी गोठ्यात नेऊन बांधली.

लॉरीचे ड्रायव्हर हुसेनभाई, भोरचेच, वयानं मोठे. ते खाली उतरून मामंजींना म्हणाले, "सूनबाईंचं खरं हाय. मी आठ दिसांनी पुन्हा हिकडंच येणार हाय. तवर तिला फळीची सवय लावा."

मामंजींनी ते मानलं आणि कारभारी रिकाम्या हातानं परतला. मग आठ दिवस मला दुसरा उद्योग नव्हता. एक जुनं दार अंगणात आडवं टाकलं आणि त्यावर मूठभर हरभरे ठेवले. पहिल्या दिवशी एक पाय, दुसऱ्या दिवशी दोन... लाकडावर खूर वाजला की दचकून मागं जायची, मी जाऊ द्यायची. ओढलं एकदाही नाही.

पुढं दाराच्या एका टोकाखाली दगड लावून थोडा चढ केला. शेवटी ती बैलगाडीत चढू-उतरू लागली.

परवा हुसेनभाईंनी लॉरी शेताच्या बांधाला अशी मागं टेकवली, की चढ जवळजवळ उरलाच नाही. घसरू नये म्हणून आत माती आणि वाळलं गवत पसरलं, फळी घट्ट बसवली, इंजिन बंद केलं. मी पुढं, सुंद्री मागं. दोनदा ती फळीवरून परत फिरली... तिसऱ्यांदा वास घेत घेत आपणहून आत आली. लॉरीचं मागचं फळकूट लागल्यावरच मी दोर बांधला, तोही मान हलेल इतका सैल.

भोरपर्यंत मी तिच्याजवळ उभी होते. वळण आलं की हुसेनभाई लॉरी अगदी सावकाश घ्यायचे.

डॉक्टरांच्या दारात सुंद्री शांतपणे उतरली. डॉक्टर खूश! आणि कारभारी छाती काढून म्हणाला, "मागल्या खेपंला चार फटकं दिलं व्हतं ना साहेब, त्याचा गुण हाय!"

माझ्या अंगाची नुसती आग झाली... "खोटं हाय ते! फटक्यानं हिचा पाय सोलला, ह्यो बघा. हिचा दोर ह्यांच्या हातात देणार असाल, तर मी हिला घेऊन आत्ताच चालत माघारी जाते."

डॉक्टरांनी वाकून तो पाय पाहिला. मग माझ्या हातातला दोर स्वतःच्या हातात घेतला.

कारभारी 'चुकलो' म्हणाला नाही, आणि म्हणेल असं वाटतही नाही. घाबरलेल्या जीवाला हट्टी ठरवायचं, मारायचं, आणि तो सावरला की श्रेय आपण घ्यायचं... कसली ही रीत?

पण त्या बांधाशी तासभर लॉरी उभी ठेवून हुसेनभाईंनी एकदाही 'आटपा' म्हटलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.