शटरवरच्या थापा

सुनेने मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली, की मी घराबाहेर पडतो. बोईसरच्या एका गोदामात मी सुपरवायझर होतो. तपासणीच्या दिवशी ॲसिडचे कॅन मागच्या खोलीत ब्लीचिंगच्या पोत्यांवर रचायचे आणि हजेरीपटावर नसलेल्या मजुरांनाही तिथेच लपवायचं, ही आमची रीत. त्या दिवशी पाड्यावरची एकच बाई होती. “सायेब, आत डोलं झोंबतात. मी नाय बसत.” “सासरी निघालीस का रडायला?” म्हणत मी शटर ओढलं. आत एक कॅन गळला आणि पोत्यांतून विषारी वायू उठला. थापा ऐकू आल्या, तेव्हा तपासणीचे साहेब चहा पीत होते. “उंदीर,” मी म्हणालो. “चांगले पोसलेत!” ते हसले, मीही हसलो. ते गेल्यावर शटर उघडलं, तर ती उंबऱ्याशीच मरून पडली होती. ‘न विचारता आत झोपली,’ असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं. कुलूप मी लावलं होतं, आणि किल्ली माझ्या कपाशेजारी होती.