काउन्सिलची बाई येणार म्हणून

एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि दुसरा संपेपर्यंत चहा गार! माझं तसंच झालंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घरातल्या घरात उठता-बसता यावं, आंघोळ करता यावी म्हणून काय लागेल ते बघायचं काम. रिटायर झाल्यावर बाग करणार होते. बाग राहिली बाजूला. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समधले आमचे मराठी ज्येष्ठ दर गुरुवारी कम्युनिटी हॉलमध्ये जमतात, तिथे सगळ्यांनी मला धरलं. "शैला, तुला यातलं कळतं, तूच सांग." कळतं मला, खोटं कशाला बोलू?

*

पहिला प्रश्न ठरलेला. जन्मभर पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापून दिला, मग आता घरी मदतीला बाई येईल ती फुकटच ना?

नाही हो, असं नाही! डॉक्टर, हॉस्पिटल हे एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, ते फुकट. पण आंघोळ घालायला, कपडे चढवायला, भरवायला माणूस हवा असेल तर दार काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, ठोठावायचं, आणि काउन्सिल तुमची शिल्लक विचारते. शिल्लक न विचारता मिळतो तो अटेंडन्स अलाउन्स, म्हाताऱ्यांना मदतीसाठीचा सरकारी भत्ता. आणि तुम्हाला मदतीची गरज आहे का, हे बघायला काउन्सिलचा माणूस घरी येतो, ती असेसमेंट सगळ्यांनाच फुकट. पैसे कोणी भरायचे हा पुढचा प्रश्न, आधी गरज कागदावर यायला हवी. झोपेतून उठवून विचारलंत तरी मी हे धडाधड म्हणून दाखवेन.

आमच्या नलिनीमावशी एकट्या राहतात, गुडघे कामातून गेलेत. त्यांना हे सगळं पटलं, पण मागायची लाज. लोक म्हणतील मुलगा ब्रॅकनेलला एवढ्या मोठ्या कंपनीत आणि आईला बघत नाही. तेव्हा कांबळेकाका मध्ये पडले. काका रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते, युनियनमध्ये आयुष्य गेलं, आवाज अजून हॉलच्या टोकाला पोचतो.

"नलिनीताई," ते म्हणाले, "हक्काचं मागितलं तर ती भीक होत नाही. न मागता बसलं तर उपास मात्र घडतो."

मावशींनी त्याच दिवशी काउन्सिलला फोन केला.

*

असेसमेंटची तारीख मिळाली आणि मावशी कामाला लागल्या. काउन्सिलची बाई घरी येणार, म्हणजे पाहुणीच की! पडदे धुतले, स्टुलावर चढून परत लावले. चकल्या तळल्या. ती बाई आली तेव्हा वरच्या कपाटातून ठेवणीतले कप काढले, तेही तिच्यासमोर, टाचा उंच करून.

निकाल काय लागणार? नलिनीबाईंना कुठल्याही मदतीची गरज दिसत नाही.

मी कपाळावर हात मारला. मावशींनाच राग आला माझा. म्हणाल्या, "मग काय तिला टवका उडालेल्या कपात चहा देऊ?"

*

पुढे त्याच स्टुलावरून मावशी पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मदतनीस येते, तुम्हाला पुन्हा पायांवर उभं करायला. ते मात्र फुकट. मी मावशींना सांगितलं, मावशी खूश.

दुसऱ्या दिवशी फोन. आवाजात नुसता संताप. ती पोरगी चहा करून देत नाही म्हणे! शेजारी उभी राहते आणि म्हणते, आता किटली उचला, आता दूध ओता.

अहो, तेच तर तिचं काम, मी म्हटलं. तुमचं तुम्हाला करता यावं म्हणूनच ती येते.

"मदतीला यायचं आणि मलाच कामाला लावायचं!" मावशी म्हणाल्या. "माझ्या सुनेची सुद्धा एवढी हिंमत झाली नाही."

आता मावशी काठी टेकत गुरुवारी स्वतः येतात. त्या पोरीला चकल्यांचा डबा पाठवला, पण आपलं चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत.

*

पण सगळ्यांवर कडी केली ती करंदीकर डॉक्टरांनी.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, इथल्या हॉस्पिटलांत उभी हयात गेली. आता पार्किन्सन्स. बायको कुमुदकाकू त्यांचं सगळं एकटीने करतात. मुलगा ऑस्ट्रेलियात. तो म्हणत होता, आईला झेपत नाही, बाबांना केअर होममध्ये ठेवू या. काकूंना ते नको होतं, डॉक्टरांना तर मुळीच नको होतं. घरी मदत मिळाली तरच ते टळणार होतं. म्हणून काकूंनी असेसमेंट मागवली.

डॉक्टर टाय लावून, कोट घालून, काउन्सिलची बाई यायच्या आधीच खुर्चीत जाऊन बसलेले. ती काही विचारणार त्याआधी यांनीच सुरू केलं, ट्रेनिंग कुठे झालं, काम कसं वाटतं. ती म्हणाली, खांदा फार दुखतो हो हल्ली. झालं! डॉक्टरांनी तिला हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, व्यायाम सांगितले. ती आभार मानत गेली.

असेसमेंट झाली ती तिची! डॉक्टरांच्या नावावर गरज शून्य.

*

त्या गुरुवारी काकू हॉलमध्ये आल्या आणि बसल्याच नाहीत. भिंतीला टेकून उभ्या. मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाल्या, बसले की उठता येत नाही ग. डॉक्टर बाथरूममध्ये पडले होते, त्यांना उचलताना पाठ भरली होती. आणि ते परत असेसमेंट मागू देत नव्हते. मला रडू आलं, राग त्याहून जास्त आला.

मी स्वतः फोन करून दुसरी असेसमेंट मागितली. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी सांगेन, म्हटलं. ते मला घाबरतात. काकूंना मात्र बजावलं. घर आवरायचं नाही, खायला करायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांना हात द्यायचा नाही. कारण मी कितीदा बघितलंय, डॉक्टर उठायचा विचार करतात तोवर काकूंचा हात त्यांच्या काखेत गेलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, माणूस आपला आपण उठला.

"जमेल का ग मला?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मी तिथेच होते. या वेळी दुसरी बाई होती, वयाने मोठी. डॉक्टर टाय लावूनच बसलेले. घरात कोण काय करतं असं तिने विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, माझं मी बघतो, बायको जेवणखाण करते, एवढंच.

बाई म्हणाली, बरं, मग जरा स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवता?

डॉक्टरांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. थोडे उठले आणि परत बसले. पुन्हा जोर दिला. काकू समोर सोफ्यावर होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी टाय सैल करायचा प्रयत्न केला, तोही होईना. तो तसाच ठेवून ते बाईकडे वळले.

"पेन घ्या. मी सांगतो ते लिहा."

आवाज एकदम बदलला. वॉर्डात ज्युनियरला केस सांगावी, तसा.

"पेशंट, पुरुष, वय एक्याऐंशी. पार्किन्सन्स. खुर्चीतून स्वतः उठू शकत नाही. बटणं लावू शकत नाही. झोपेत कूस बदलू शकत नाही. हे सगळं पत्नी करते."

बाई भराभर लिहीत होती.

"पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले. "पाठ कामातून गेलेली आहे. ती कोणाला सांगत नाही. पेशंटला पहिल्यापासून माहीत आहे."