शेवटच्या दिवसाचा पेशंट

आमच्या बेटाभोवती खडक आहेत. ओहोटीला त्यांच्यामधून होडी बाहेर काढावी ती आमच्या दाजींनीच, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने. वर्षातून एकदा डॉक्टरांचं जहाज यायचं आणि खडकांबाहेरच थांबायचं. तिथून सर्जन, भूल देणारे डॉक्टर, औषधांचे खोके, ऑक्सिजनची नळकांडी, जनरेटर, सगळं दाजी किनाऱ्यावर आणायचे. शाळेचे दोन वर्ग धुऊन तिथं ऑपरेशनं चालायची. मी शिंपी, त्यामुळे पडदे आणि हिरवे झगे शिवायचं काम माझ्याकडे.

डॉक्टर स्वतःची रजा टाकून फुकट यायचे. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण राग येतो, त्याला मी काय करू?

दाजींना हर्निया होता. तो जनरेटर उचलूनच झाला, असं ताईचं ठाम मत. जांघेतल्या त्या गोळ्याला दाजी ‘भाडेकरू’ म्हणायचे. बोलता बोलता पाठ फिरवायचे, तो तळहाताने आत ढकलायचे आणि मी शिवून दिलेला पट्टा वरून आवळायचे. सर्जननी बजावलं होतं, एखाद्या दिवशी हा बाहेर अडकला तर आतडं सडेल. दाजी ऑपरेशनला तयारच होते. पण ते झोपले तर पेशंटची ने-आण कोण करणार? म्हणून त्यांचा नंबर कायम शेवटच्या दिवशी. एका वर्षी भुलेचं औषध संपलं. पुढच्या वर्षी ऐन वेळी एका बाईचं बाळंतपण अडलं. दाजी म्हणाले, “भाडेकरू जुना आहे, इतक्यात थोडाच घर सोडतो.” ताईला हसू आलं नाही.

शेवटच्या वर्षी ते मेजावर पोचले. सकाळपासून उपाशी, अंगात मी शिवलेला झगा. भूल द्यायची तेवढी राहिली होती आणि जहाजावरून निरोप आला, वादळ येतंय, आत्ताच्या आत्ता निघा. ओहोटी होती. सर्जन हातमोजे घालून उभे होते. दाजी उठून बसले.

“माझी पँट कुठंय?” त्यांनी विचारलं.

ताई दारात आडवी आली. “वादळ काय तुम्ही बोलावलंत? राहू देत की सगळे इथंच.”

“अगं, यांच्यासाठी थांबून जहाज खडकावर आपटलं तर पुन्हा कोण येईल आपल्याकडे?”

सर्जननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दाजींनी सगळ्यांना जहाजावर सुखरूप पोचवलं, परत येऊन जेवले आणि झोपले.

काही महिन्यांनी भाडेकरू आत जाईना. दाजींनी दोन दिवस दुखणं अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा ताईने बेटावरच्या नर्सला बोलावलं. गोळा दगडासारखा झाला होता. “पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच,” नर्स म्हणाली. होडीवाले सगळे मासेमारीला गेलेले, पाणी ओसरलेलं. भरती संध्याकाळी येणार होती, आणि संध्याकाळपर्यंत थांबायची सोय नव्हती.

तेव्हा इंजिन माझ्या हातात आलं. कात्रीशिवाय काही न धरलेला माणूस मी. दाजी होडीच्या तळाशी, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं ताईच्या मांडीवर. डोळे मिटलेलेच, पण पाण्याच्या आवाजावरून मला वाट सांगत होते.

“डावीकडे घे. आणखी. आता हळू.”

पहिले खडक मागे पडले. मला वाटलं, जमतंय, पोचतो आपण.

“आता खळखळ ऐकू येईल. तिच्या...”

मी थांबलो. समोर काळ्या खडकांत तीन फटी होत्या, तिन्ही सारख्याच.

“दाजी, कुठली?”

“अहो, सांगा ना त्याला,” ताई म्हणाली. तिने त्यांचा गाल हलवला. मग छातीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

दाजी गेले होते.

मागे वळावं तर आलेली वाट मला आठवेना. मी इंजिन बंद करून नांगर टाकला. संध्याकाळी पाणी चढेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.