पट्ट्यावरची जाळी

प्रेमलताबाईंनी तव्यावर पोळी टाकली आणि दारावर थाप पडली. ही थाप आपल्या गल्लीतली नाही, हे त्यांनी तिथंच ओळखलं. पांढुर्ण्याच्या त्या गल्लीत कोणी दार वाजवत नाही. "अवं मानसी" म्हणत माणूस सरळ चुलीपर्यंत येतो.

"पाह्य बरं कोन हाय," त्या सुनेला म्हणाल्या. "गॅसवाला असन तर सील पाहून घेजो."

मानसी दारापर्यंत जाऊन डोळे मोठे करून परत आली. "आई, भैय्याजी!"

"कोनते भैय्याजी?"

"तुमचे जिनिंगवाले. मालक. संत्र्याची पेटी घेऊन उभे हायेत."

पोळी करपली. मालक घरी आला होता, तेही सकाळी, तेही काही घेऊन.

प्रेमलताबाईंचा स्वभाव संशयी होता, हे त्यांचा नवरा हयात असताना चारचौघांत सांगायचा. आणि खोटं नव्हतं ते. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन पाहायच्या. मुलासाठी सौंसरला मुलगी पाहायला गेल्या तेव्हा पोहे खाण्याआधी ते केले कोणी, याचीच चौकशी केली. मानसी अजून त्यावरून टोमणा मारते. पण त्यांचं काम पाहिलं असतं तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. जिनिंगमध्ये कापूस मशीनीत जाण्याआधी बायका त्यातला कचरा वेचतात. वाळकं पान, सुतळीचा तुकडा, गुटख्याच्या पुडीचं चंदेरी कात्रण. सगळं पांढरं शुभ्र दिसतं आणि त्यातच खोट असते. आयुष्यभर हेच पाहिलेल्या डोळ्यांना घरी आल्यावर तरी वेगळं कसं दिसावं?

त्यांनी पदर सावरला आणि बाहेर आल्या.

"या भैय्याजी. बसा. मानसी, चहा ठेव."

"राहू द्या, राहू द्या," म्हणत भैय्याजी खुर्चीत टेकले. पेटी त्यांनी पायाशी ठेवली. "आपल्याच बगिच्यातली हायेत. गोड हायेत."

गोड आहेत हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग थंडीची चौकशी केली, नातवाच्या शाळेची केली, गल्लीतल्या नालीचीही केली. जिनिंगच्या फाटकात "काय बाई, उशीर?" यापलीकडे हा माणूस त्यांच्याशी कधी बोलला नव्हता. प्रेमलताबाई हो-हो करत राहिल्या. त्यांना ठाऊक होतं, कचरा गठ्ठ्याच्या तळाशी असतो.

चहाचा कप हातात आल्यावर भैय्याजींनी तृप्तीचं नाव काढलं.

तृप्ती तिगाववरून येणारी नवी पोर. मागच्या आठवड्यात तिची ओढणी मशीनीच्या पट्ट्यात ओढली गेली आणि ओढणीमागं हात. प्रेमलताबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीच ओरडून बटण बंद करायला लावलं. हात वाचला, पण मनगटाचा चुरा झाला. नागपूरला ऑपरेशन झालं.

"उद्या चौकशीचे साहेब येऊन राहिले," भैय्याजी म्हणाले. "पट्ट्यावर जाळी होती का नव्हती, येवढंच विचारतीन. तुम्ही जुन्या बाई. तुमच्या शब्दाले वजन हाय. सांगजा का जाळी होती, पोरीनं सफाईसाठी काढली."

प्रेमलताबाईंनी कप खाली ठेवला. "तृप्तीनं काढली?"

"हो ना. आता वकील म्हणे, कायदा काही मालकालेच नाही बांधत. मजुराचंबी कर्तव्य हाय. लावलेली जाळी काढाची नाही."

"आन् मालकाचं?"

"मालकानं लावून द्याची."

"आन् नसली लावलेली, तं?"

"काहून नसन?" भैय्याजींचा आवाज चढला. "मी स्वतः बनवून घेतली होती ना ते!"

ते खरं होतं. दाराच्या फळीएवढी लोखंडी जाळी, पट्ट्यात कोणाचा हात जाऊ नये म्हणून चौकटीत बसवलेली. तिचा एक कोपरा फाटला तेव्हा प्रेमलताबाईंनीच तो तांब्याच्या तारेनं शिवला होता, रजईला टाका घालावा तसा. पण दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि रिवाजाप्रमाणे जिनिंगची सगळी माणसं भंडाऱ्यासाठी जामसांवलीला मारुतीच्या पायाशी गेली. पुऱ्यांचं तेल निथळायला मोठी चाळणी नव्हती. मुकादम मंगेशनं पट्ट्यावरची जाळी काढून, सोड्यानं घासून सोबत आणली होती. विटांवर जाळी, जाळीवर पुऱ्यांचा डोंगर. सगळे हसले, सगळ्यांनी खाल्ल्या. प्रेमलताबाईंनीही.

जाळी परत पट्ट्यावर आलीच नाही. बायकांनी मंगेशला किती वेळा म्हटलं. "लावतो ना, पळून जाऊन राहिली का ते?" हेच त्याचं उत्तर.

इथवर त्यांचा राग मंगेशवर होता. पण परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या भैय्याजींच्या घरी गेल्या. वाण घेऊन निघताना सगळ्या बायका छतावर शेवंती पाहायला चढल्या, आणि तिथं उन्हात ती जाळी होती. वर पांढरा कपडा, त्यावर मुगवड्या. कोपऱ्याला तांब्याची तार चमकत होती.

तेव्हापासून त्यांचा राग मालकावर वळला. पोरीचा हात मोडल्यावर मालकानं जाळी घरी नेऊन दडवली, दुसरं काय? मानसीलासुद्धा त्या बोलल्या नव्हत्या. सून चांगली होती, पण तिचं माहेर दिवसभर फोनवर असायचं.

"भैय्याजी," त्यांनी हळूच विचारलं, "मंग ते जाळी हाय कुठं?"

आणि त्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मूठभर कापूस उजेडात धरून पाहावा तसं.

"तेच तं!" भैय्याजींनी मांडीवर थाप मारली. "मंगेश म्हणे, पोरीनं काढली आन् कोनी तरी भंगारात विकली. तुमच्यापैकीच कोनी तरी. मी विश्वास टाकतो आन् तुम्ही लोकं..."

प्रेमलताबाई पाहत राहिल्या. त्या चेहऱ्यावर राग होता, घाबरणं होतं. पण पानाचा जो तुकडा त्या शोधत होत्या तो तिथं नव्हता. जाळी कुठं आहे, हे या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं.

"वहिनीनं औंदा मुगवड्या छान घातल्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"छतावर. कशावर वाळून राहिल्या, पाह्यलं का तुम्ही?"

भैय्याजी चिडले, मग थबकले. खिशातून फोन काढून बायकोला लावला. त्यांना फोनवर कमी ऐकू यायचं, म्हणून तो नेहमी स्पीकरवरच असे.

"अवं, वड्या कायच्यावर टाकल्या तू?"

"जाळीवर!" तिकडून आवाज आला. "भंडाऱ्यावरून भांड्यांसंगं मंगेशनं आणून टाकली ना. दिवाळीपासून पडून होती. मोठी कामाची हाय, वाराबी खालून लागते. काहून? वापस मागून राहिले का कोनी?"

भैय्याजींनी फोन बंद केला. दाराआड मानसीनं तोंडात पदर कोंबला होता. प्रेमलताबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तृप्तीची ओढणी होती.

भैय्याजींनी फोन खिशात टाकला. मग त्यांची नजर बारीक झाली. आता संशय घेण्याची पाळी त्यांची होती.

"तुम्ही हे आजच काहून सांगून राहिल्या, बाई? तृप्तीचा नवरा येऊन गेला का? कोनी शिकवलं?"

"तुम्ही आज आले म्हनून सांगितलं. नसते आले तं उद्या साहेबाले सांगितलं असतं."

"म्हंजे सांगसान?"

"विचारलं तं सांगीन. जे पाह्यलं तेच. तुम्ही दडवली नाही, हेबी सांगीन. मंगेशले आम्ही म्हनत होतो, हेबी सांगीन."

"मले अडकवसान तुम्ही."

"पट्टा उघडा होता, भैय्याजी. पोरीनं नाही केला उघडा."

भैय्याजी उठले. दाराशी जाऊन थांबले, परत वळले. आवाज खाली आणला. जिनिंगमध्ये सौदा ठरवताना आणत तसाच.

"बरं. सरळ बोला. तुमाले काय पाहिजे? पोराले कामावर लावाचं हाय का? उन्हात उभं राहाचं काम नको का? बोला, बोला. कोनी उगीच नाही बोलत."

प्रेमलताबाईंनी पेटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"वड्या चादरीवर टाका, वाळतात," त्या म्हणाल्या. "आज बायका कामाले उभ्या राहाच्या आंधी ते जाळी पट्ट्यावर लावून द्या."